‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय होतं? गडचिरोलीतून उघडलेल्या एका पानाचा प्रवास

समजा, भामरागडमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी मोबाईलवर मराठी विकिपीडिया उघडतो. ‘गडचिरोली जिल्हा’ हे पान शोधतो. रेंज जेमतेम आहे, तरी पान थोड्या वेळात समोर येतं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा तयार झाला, ही नोंद तो वहीत लिहून घेतो.

त्याच दिवशी, त्याच मोबाईलवर, तोच विद्यार्थी एका वेबसाईटवर फॉर्म भरायला बसतो. शेवटची तारीख आहे. गोल चकती फिरते, फिरत राहते आणि मग पांढऱ्या पानावर एक आकडा उमटतो, ५०४. शेजारचा म्हणतो, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये.” पण उद्या मुदत संपलेली असते.

मोबाईल तोच, रेंज तीच. मग एक पान लगेच आलं आणि दुसरं अडकलं, असं का? अनेकदा याचं उत्तर मोबाईलमध्ये नसतं. तिकडे सर्व्हरवर कोड कसा चालतो आणि एकदा केलेलं काम साठवून ठेवलं जातं की नाही, यात ते असतं. हे काम कसं चालतं, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

वेबसाईटचं पान आधीच तयार असतं का?

सुरुवातीच्या काळात तसंच होतं. सर्व्हरवर एक फाईल ठेवलेली असायची. कुणी मागितली की ती जशीच्या तशी पाठवली जायची. आज बहुतेक मोठ्या वेबसाईटवर पान मागितल्यावर तयार होतं. तुम्ही कोण आहात, काय मागितलं, डेटाबेसमध्ये आत्ता काय आहे, हे पाहून सर्व्हरवरचा प्रोग्राम ते पान जुळवतो आणि पाठवतो.

हे काम करणाऱ्या भाषांना सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. पीएचपी, पायथन, रुबी ही त्यातली ठळक नावं. जावास्क्रिप्टही २००९ मध्ये आलेल्या नोडमुळे सर्व्हरवर चालू लागली.

यातली पीएचपी ही सर्वात जास्त ठिकाणी आढळणारी. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’ सॉफ्टवेअरवर चालतो ते पीएचपीत लिहिलेलं आहे. वर्डप्रेसही पीएचपीतच आहे आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट वर्डप्रेसवर चालतात. फेसबुकची सुरुवात पीएचपीतच झाली. इन्स्टाग्राम मात्र पायथनवर उभं राहिलं. म्हणजे सकाळी उठल्यावर तुम्ही स्क्रोल करता त्यातलं बरंच काही या भाषांमधून येतं.

कोड ‘चालतो’ म्हणजे काय होतं?

प्रोग्रामर जो कोड लिहितो तो माणसाला वाचता यावा असा असतो. प्रोसेसरला तो थेट कळत नाही. त्यामुळे मध्ये काही टप्पे लागतात.

हे समजायला गडचिरोली, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात धान कसा ताटात येतो ते आठवा. शेतातून धान येतो. तो थेट शिजवता येत नाही. आधी राईस मिलमध्ये भरडाई होते, कोंडा वेगळा होतो, तांदूळ हाती येतो. मग तांदूळ शिजतो आणि भात ताटात पडतो.

कोडचंही तसंच आहे.

पहिला टप्पा वाचनाचा. पीएचपी फाईल उघडते आणि तिचे छोटे तुकडे करते. हे चलाचं नाव, हा अंक, हे बेरजेचं चिन्ह, अशी छाननी होते.

दुसरा टप्पा व्याकरणाचा. तुकड्यांचा एकमेकांशी संबंध काय, याचा आराखडा तयार होतो. कंस अर्धवट राहिला असेल तर चूक इथेच पकडली जाते.

तिसरा टप्पा कंपाईलचा. त्या आराखड्यातून छोट्या छोट्या सूचनांची यादी बनते. ‘हे घे, त्यात ते मिळव, निकाल तिथे ठेव’ अशा स्वरूपाच्या या सूचनांना ऑपकोड म्हणतात. पायथनमध्ये अशाच सूचनांना बाइटकोड म्हणतात. हा झाला आपला तांदूळ.

चौथा टप्पा प्रत्यक्ष चालवण्याचा. पीएचपीमधलं ‘झेंड इंजिन’ या सूचना एकेक करून पार पाडतं, लागेल तिथे डेटाबेसला विचारतं आणि शेवटी पान तयार होतं. हा झाला भात.

‘पीएचपी कंपाईल होत नाही, ओळीओळीने वाचली जाते’ असं अजूनही अनेकांना वाटतं. फार पूर्वी ते खरं होतं. पीएचपीच्या तिसऱ्या आवृत्तीत कोड वाचता वाचताच चालवला जायचा. मे २००० मध्ये चौथी आवृत्ती झेंड इंजिनसह आली, तेव्हापासून आधी कंपाईल, मग चालवणं, अशी पद्धत आहे. फक्त हे कंपाईल प्रोग्रामरला वेगळं करावं लागत नाही. मागणी आली की आपोआप होतं.

मग अडचण कुठे आली?

अडचण ‘आपोआप’मध्येच होती. पीएचपीची एक खास सवय आहे. एक मागणी पूर्ण झाली की ती त्या मागणीचं सगळं विसरते. पुढची मागणी कोऱ्या पाटीवर सुरू होते. याचा फायदा मोठा आहे. एका वापरकर्त्याच्या कामात गडबड झाली तरी ती दुसऱ्याच्या कामात शिरत नाही.

पण किंमतही आहे. एका मिनिटात हजार जणांनी तेच पान मागितलं, तर तोच कोड हजार वेळा वाचायचा, हजार वेळा कंपाईल करायचा. कोड तर बदललेलाच नाही! म्हणजे प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने धानाचं पोतं मिलवर न्यायचं आणि मुठभर तांदूळ घेऊन परत यायचं.

यावर उपाय सोपा होता. तांदूळ एकदाच काढा आणि घरात भरून ठेवा. पीएचपीत या कोठाराला ‘ऑपकॅश’ म्हणतात. अशी साठवण करणारी वेगवेगळी साधनं आधीपासून होती, पण जून २०१३ मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ऑपकॅश पीएचपीसोबतच मिळू लागला. फाईल पहिल्यांदा कंपाईल झाली की तिचे ऑपकोड मेमरीत ठेवले जातात. पुढच्या मागणीला पहिले तीन टप्पे गाळून थेट चौथा सुरू होतो.

पायथन हेच वेगळ्या तऱ्हेने करते. इंपोर्ट केलेल्या फाईलींचा बाइटकोड ती डिस्कवर ‘पायकॅश’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. शिवाय पायथन आणि नोडचे प्रोग्राम सर्व्हरवर एकदा सुरू झाले की चालूच राहतात, त्यामुळे कोड त्यांच्या मेमरीत असतोच.

कोड बदलला तर जुनाच तांदूळ वाढला जाईल का?

जाऊ शकतो आणि हा कोणत्याही कॅशचा मूळ प्रश्न आहे. साठवलेली गोष्ट शिळी झाली हे ओळखायचं कसं?

ऑपकॅशच्या मूळ सेटिंगमध्ये मूळ फाईल बदलली का, हे दर २ सेकंदांनी तपासलं जातं. बदलली असेल तर ती नव्याने कंपाईल होते. पण मोठ्या वेबसाईटवर ही तपासणीही अनेकदा बंद ठेवतात, कारण हजारो फाईलींच्या वेळा बघण्यातही वेळ जातो. मग नवा कोड टाकल्यावर कॅश हाताने रिकामा करावा लागतो. तो करायचा राहिला की, ‘दुरुस्ती झाली’ असं कळूनही वेबसाईट जुनीच चूक दाखवत राहते. अशा वेळी तुमचा मोबाईल बिघडलेला नसतो.

याचा खरंच फरक पडतो का?

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तो आणि इतर सगळ्या भाषांचे विकिपीडिया एकाच सर्व्हर व्यवस्थेवर चालतात. २०१४ च्या अखेरीस विकिमीडियाने नेहमीच्या पीएचपी इंजिनऐवजी फेसबुकने बनवलेलं ‘एचएचव्हीएम’ वापरायला घेतलं. हे इंजिन आणखी एक पायरी पुढे जायचं. जो कोड वारंवार चालतो तो चालू असतानाच ओळखायचा आणि त्याचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करायचं. या पद्धतीला ‘जस्ट इन टाइम’ कंपाईल म्हणतात.

तेव्हा विकिमीडियाने जाहीर केलेले आकडे बोलके होते. केलेला बदल सेव्ह व्हायला सरासरी सुमारे ६ सेकंद लागायचे, ते ३ वर आले. सर्व्हरच्या प्रोसेसरवरचा भार सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत उतरला. लेखातला एक शब्दही न बदलता, फक्त कोड चालवण्याची पद्धत बदलून.

या स्पर्धेचा पीएचपीलाही फायदा झाला. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली सातवी आवृत्ती आधीच्या पीएचपीपेक्षा जवळपास दुप्पट वेगवान निघाली. पुढे एचएचव्हीएमने पीएचपीला पाठिंबा देणं थांबवायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये विकिपीडिया पुन्हा पीएचपीवर परतला. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपीच्या आठव्या आवृत्तीत जस्ट इन टाइम कंपाईलही आलं.

पण या शेवटच्या बदलाने साध्या वेबसाईटला फारसा वेग मिळत नाही. कारण पान तयार होताना बराचसा वेळ कोड चालण्यात जात नाही, डेटाबेसकडून उत्तर येण्याची वाट पाहण्यात जातो. चूल कितीही मोठी असली, तरी पाणी आणायला गेलेला माणूस परतल्याशिवाय भात शिजत नाही.

भातच शिजवून ठेवला तर?

विकिपीडिया नेमकं हेच करतो. ‘गडचिरोली जिल्हा’ हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसणार आहे. मग ते दर वेळी का बनवायचं? त्यामुळे तयार पानच साठवलं जातं आणि तेही दोन ठिकाणी.

पहिली साठवण मुख्य सर्व्हरजवळ असते. लेखाचा मजकूर एकदा पानाच्या रूपात आणला की तो जपून ठेवला जातो. दुसरी साठवण वाचकाच्या जवळ असते. विकिपीडियाची मुख्य डेटा सेंटर्स अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला आणि टेक्ससमध्ये डॅलसजवळ आहेत. आशियातल्या वाचकांसाठी २०१८ पासून सिंगापूरला साठवणीचं केंद्र आहे.

अंतर मोजलं की याचं महत्त्व कळतं. गडचिरोलीपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,३०० किलोमीटर आहे, तर ॲशबर्न सुमारे १३,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जाऊन यायला सिंगापूरला कमीत कमी ३३ मिलिसेकंद आणि ॲशबर्नला १३० मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. एका पानासाठी अशा बऱ्याच फेऱ्या होतात. रेंज कमकुवत असेल तर काही पाकिटं वाटेत हरवतात आणि फेऱ्या वाढतात.

भामरागडच्या विद्यार्थ्याला पान लवकर मिळालं ते यामुळे. ते सिंगापूरला तयार असेल, तर त्याच्यासाठी पीएचपीची एक ओळही चालवावी लागत नाही. तुम्ही विकिपीडियावर लॉग इन केलंत, तर मात्र ही जवळची साठवण वापरता येत नाही. पानावर तुमचं नाव आणि तुमच्या सूचना दाखवायच्या असतात, त्यामुळे मागणी मुख्य सर्व्हरपर्यंत जाते.

मग फॉर्मचं पानही असंच साठवून का ठेवत नाहीत?

कारण ते पान फक्त तुमचं असतं.

ताडोबाच्या सफारीचं उदाहरण घ्या. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही गेटची नावं, नियम, पावसाळ्यात कोअर क्षेत्र बंद असल्याची माहिती, वाघाचे फोटो हे सगळं प्रत्येकाला सारखंच दिसणार. ते कितीही वेळ साठवता येतं. पण ‘उद्या सकाळच्या फेरीत किती जागा उरल्या’ हा आकडा साठवला तर घोटाळा होईल. जागा संपल्यावरही पन्नास जणांना ‘२ शिल्लक’ दिसत राहील. हा आकडा दर वेळी डेटाबेसला विचारावाच लागतो.

फॉर्ममध्ये तर तुमचं नाव, आधार, जात प्रमाणपत्र, बँक खातं असतं. असं पान चुकून सर्वांच्या साठवणीत गेलं तर काय होतं, हे २५ डिसेंबर २०१५ रोजी दिसलं. गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या वेबसाईटवर प्रचंड हल्ला झाला. भार सांभाळण्यासाठी कॅशची सेटिंग बदलली गेली, त्यात चूक झाली आणि काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्याच खात्याची पानं दिसू लागली. सुमारे ३४,००० वापरकर्त्यांच्या माहितीला याचा फटका बसल्याचं कंपनीने नंतर सांगितलं.

म्हणून फॉर्मचं पान प्रत्येकासाठी नव्याने शिजवावं लागतं. फक्त तांदूळ, म्हणजे ऑपकोड, तयार ठेवता येतो. चांगली वेबसाईट यातून मधला मार्ग काढते. चित्रं, सूचना, जिल्हा-तालुक्यांच्या याद्या साठवणीतून देते आणि फक्त तुमच्यापुरता भाग ताजा बनवते.

‘सर्व्हर डाऊन’ होतो तेव्हा काय होतं?

बहुतेक वेळा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो कामात बुडालेला असतो.

पीएचपीच्या मागण्या हाताळायला ठरावीक संख्येने ‘वर्कर’ असतात. प्रत्येक वर्कर एका वेळी एकच मागणी घेतो. पीएचपीसोबत येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये ही संख्या अवघी ५ असते. मोठ्या वेबसाईटवर ती वाढवलेली असते, पण मेमरीमुळे मर्यादा येतेच.

एक साधं गणित करू. समजा ५० वर्कर आहेत आणि एका मागणीला ०.२ सेकंद लागतं. म्हणजे सेकंदाला २५० मागण्या निघतात. शेवटच्या दिवशी डेटाबेसवर ताण आला आणि एका मागणीला ५ सेकंद लागू लागले, तर तेच ५० वर्कर सेकंदाला फक्त १० मागण्या काढतात. माणसं मात्र नेहमीपेक्षा जास्त आलेली असतात. रांग वाढतच जाते.

स्क्रीनवरचे आकडे याच रांगेबद्दल सांगतात. ५०४ म्हणजे पुढच्या दारावरच्या सर्व्हरने वाट पाहिली, पण आतून वेळेत उत्तर आलं नाही. अनेक ठिकाणी ही मर्यादा ६० सेकंदांची असते. ५०२ म्हणजे आतून धड उत्तरच मिळालं नाही. ५०३ म्हणजे ‘सध्या घेऊ शकत नाही’, मग कारण गर्दीचं असो की दुरुस्तीचं.

साठवणीची पूर्ण तयारी असूनही असा प्रसंग येऊ शकतो. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सनच्या निधनाची बातमी आली आणि जगभरातून लोक त्याच्या विकिपीडिया पानावर धावले. त्याच वेळी ते पान सतत संपादित होत होतं. प्रत्येक बदलाबरोबर साठवलेलं पान शिळं ठरायचं आणि अनेक सर्व्हर एकाच वेळी तेच मोठं पान नव्याने बनवायला लागायचे. पंगत बसलेली असताना एक गंज रिकामा झाला आणि दहा आचाऱ्यांनी एकमेकांना न विचारता दहा चुलींवर तोच भात चढवला, असा प्रकार. विकिपीडिया कोलमडला. त्यानंतर अशी व्यवस्था आली की एकाने पान बनवायला घेतलं की बाकीचे थांबतात आणि तयार झालेलं तेच वापरतात.

मग रिफ्रेश करावं की नाही?

शेवटच्या तारखेला सगळेच रिफ्रेश करतात आणि सगळ्यांचंच काम लांबतं.

तुम्ही रिफ्रेश केल्यावर जुनी मागणी लगेच रद्द होत नाही. पीएचपी सहसा उत्तर पाठवायला जाते तेव्हाच तिला कळतं की समोरचा निघून गेलाय. तोवर जुनं काम चालूच असतं. तुमच्या नावावर आता दोन वर्कर अडकलेले असतात.

दोन टॅब उघडण्याचाही अनेकदा उपयोग नसतो. पीएचपीच्या मूळ पद्धतीत एका वापरकर्त्याचं सत्र एका वेळी एकच मागणी वापरू शकते. पहिली सुटेपर्यंत त्याच वेबसाईटचा दुसरा टॅब नुसता थांबून राहतो.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. ५०४ आला तर निदान एक-दोन मिनिटं थांबून मग प्रयत्न करा. पैसे भरताना हा आकडा दिसला तर पुन्हा पैसे भरण्याआधी खात्याचा मेसेज आणि फॉर्मची स्थिती तपासा, कारण तुम्हाला उत्तर मिळालं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. मोठी उत्तरं आधी वहीत किंवा नोट्समध्ये लिहून ठेवा, म्हणजे सत्र संपलं तरी मजकूर जाणार नाही. आणि शक्य असेल तर मुदतीच्या दोन-चार दिवस आधी, गर्दी नसलेल्या वेळी फॉर्म भरा.

पण सगळी जबाबदारी फॉर्म भरणाऱ्यावर टाकता येणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अनेकांना रेंजसाठी किंवा सेवा केंद्रासाठी गाव सोडून तालुक्याला यावं लागतं. एक दिवस वाया गेला की मजुरीही जाते. डोंगर आणि जंगल ओलांडून टॉवर उभारायला वेळ लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण ऑपकॅश चालू ठेवणं, सर्वांना सारखा दिसणारा भाग साठवणीतून देणं आणि शेवटच्या दिवसाच्या गर्दीचा आधीच अंदाज घेणं, यासाठी टॉवर लागत नाही. ती कामं सर्व्हरवर बसूनच करता येतात. त्यामुळे पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं ऐकलं, तर दोष तुमच्या मोबाईलचा किंवा तुमच्या गावाच्या रेंजचाच असेल, असं लगेच मानू नका.